पोटाचा रंग

डब्यावर लिहिलंय एकास बहात्तर.
म्हणजे माझा हा पंजा त्या मापात
अख्खी वॅगन झाकेल.
चौतीस वर्षं लोको शेडात फिटर होतो, माप कळतं.
कळत नाही ते एवढंच, की सत्तेचाळीस डिग्रीत
गोंद ट्यूबमधून निघता निघता धागा का होतो.

मे महिन्यात भुसावळात कोणी विमान जोडू नये.
मी जोडतो. पहाटे चार ते सात,
कूलर बंद ठेवून,
कारण त्याच्या वाऱ्यानं तेवीस नंबरचा भाग उडाला
तो अजून सापडलेला नाही.
द्वारका म्हणते, झाडूत गेला असीन.
त्याच्या जागी बॉलपेनची रिकामी कांडी कापून बसवली.
मागच्या मशीनगनची नळी
माझी इन्शुलिनची सुई आहे.

विमान जपानी. दोन इंजिनं, सात माणसं,
नखाएवढी, डोळे नसलेली.
शत्रूनं त्याला बाईचं नाव ठेवलं होतं, सॅली.
आमच्या आजानं काहीच ठेवलं नाही.
लोटू आजा, जी.आय.पी.चा फायरमन,
त्रेचाळीस साली आसामकडं धाडला
फौजेच्या गाड्यांवर कोळसा मारायला.
तिथल्या कुठल्याशा स्टेशनात, भर दुपारी,
सगळे झाडीकडं पळाले
आणि हा राख पाडायच्या रिकाम्या खड्ड्यात
उताणा पडला.

"पोट पाह्यलं रे भो मी त्याचं," सांगायचा,
"तोंड नाही पाह्यलं."
कसं होतं पोट?
"पाल राह्यते नं भिंतीवर. तसं."
पुढचं सांगत नसे.
डावा कान तिथंच ठेवून आला.
आम्ही पोरं डावीकडून त्याला शिव्या द्यायचो,
तो हसायचा;
ऐकू येत नव्हतं म्हणून की येत होतं म्हणून,
कोण जाणे.

म्हणून पाठीचा हिरवा मी एका बैठकीत उरकला.
पोटाला अकरा दिवस लागले.
बाटलीतला करडा फार स्वच्छ.
पिवळा टाकला, थेंबभर काळा,
पुसला, पुन्हा लावला.
शेवटी गच्चीवर द्वारका बिबडे घालत होती,
त्यातला एक अर्धा ओला
उचलून उजेडाकडं धरला.
हाच. हाच रंग.
"खाली ठेवा तो," ती म्हणाली.

लाल गोळे पाण्यात सोडून सरकवायचे असतात.
वाटीत तरंगणारा एक तिनं पाहिला.
"टिकली सरय लावा,
बाईचंच नाव हाये नं तिचं."
सहा लावल्या. डाव्या पंखाखालची तिरपी गेली.
राहू दिली.

आता कागदावरची शेवटची दोन चित्रं उरलीत:
पोटाची दारं उघडी. पोटाची दारं मिटलेली.
मध्ये जपानीत काहीतरी, बहुतेक 'किंवा'.
मिटवली तर चार बॉम्ब शिल्लक राहतात,
भुईमुगाच्या दाण्याएवढे.
टाकवत नाहीत, ठेवायचे कुठं तेही सुचत नाही.
मेहुणा वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसं तपासायचा,
त्याला विचारलं.
म्हणाला, मोजून परत करायचे.
कोणाला?
यावर त्यानं चहा मागितला.

सध्या विमान मासे धरायच्या दोऱ्यानं
खाटेवर टांगलंय, दारांविना.
दुपारी खाली उताणा पडतो.
कूलर लावला की प्रॉपेलर सावकाश फिरतात,
आधी उजवा, मग डावा.
माझ्या नाकापासून त्याच्या पोटापर्यंत चार फूट.
गुणिले बहात्तर, दोनशे अठ्ठ्याऐंशी.
एवढ्या खालून आलं असेल
तर त्यांनाही खड्ड्यातला माणूस दिसला असेल.

पुढची काच अजून बसवायची आहे.
त्याआधी डोळे काढायला हवेत, सातही जणांचे.
तेवढा बारीक ब्रश
जळगावला मिळतो म्हणतात.